पाण्याकडे पाठ

मागच्या अंकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात बहिणीबरोबर चहा प्यायल्याचं ओघात लिहून गेले आणि या महिन्यात निम्मी पत्रं त्याच विषयावर आली. पंचवटीत चौदा खोल्यांचं लॉज चालवणाऱ्या बाईला ताजबद्दल विचारायचं म्हणजे टांगेवाल्याला विमानाबद्दल विचारण्यातला प्रकार. पण उतारूचं सामान टांगेवाल्यानेही उचललेलं असतं. तेव्हा चार पत्रं घेते.

प्रश्न : काकू, दिवाळीच्या सुट्टीत मुलांना गेटवेला नेलं होतं. घारापुरीच्या बोटीत एक जण सगळ्यांना सांगत होता, की ताजचा नकाशा विलायतेहून आला, इथल्या कंत्राटदाराने तो उलटा धरला आणि हॉटेलची पाठ समुद्राकडे झाली. इंग्रज आर्किटेक्टने येऊन ते पाहिलं आणि वरच्या मजल्यावरून उडी मारली. मी म्हटलं, थाप आहे. माझे सासरे म्हणतात, त्यांनी चाळीस वर्षांपूर्वीही हेच ऐकलंय म्हणजे खरंच असणार. एक किलो चिवड्याची पैज लागली आहे. निकाल तुम्ही द्यायचा.
– एक वाचक, इंदिरानगर

चिवडा तुमचा. सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा आणि म्हणावं, चाळीस वर्षं जुनी थाप ही चाळीस वर्षं जुनीच थाप असते.

मुळात नकाशा विलायतेहून आलेलाच नव्हता. तो मुंबईतच, रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा या दोघांनी केला. वैद्य म्हणजे आपल्यातलेच. ताजच्या गोष्टी सांगताना नेमकं हेच नाव गळतं याचा मला राग येतो. १९०० साली काम अर्ध्यावर असताना वैद्य गेले, आजारपणात. पुढचं काम डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज आर्किटेक्टने पुरं केलं. म्हणजे इंग्रज गृहस्थ आले ते पाया भरून झाल्यावर. त्यांनी ज्या इमारतीचं तोंड ठरवलंच नव्हतं, त्या तोंडासाठी जीव कशाला द्यावा? आणि कंत्राटदार म्हणाल, तर ते खानसाहेब सोराबजी रतनजी. घुमटाखालचा तो प्रसिद्ध जिना, ज्याच्या पायऱ्या मधल्या खांबाशिवाय भिंतीतून निघून अधांतरी वर चढत जातात, तो त्यांचा. असा जिना उभा करणारा माणूस नकाशा उलटा धरेल?

शिवाय घरधनी कोण होते ते पाहा. जमशेटजी टाटा. या हॉटेलासाठी युरोपभर फिरून त्यांनी स्वतः खरेदी केली. पॅरिसच्या प्रदर्शनात पाहून लोखंडी खांब मागवले, ते नाचघरात लागले. माझ्याकडे न्हाणीघराची मोरी गवंड्याने वीतभर सरकवली, तर दुपारी जेवणाआधी मला कळलं. आणि या माणसाला पाच वर्षं अख्खी इमारत उलटी होताना दिसली नाही म्हणता?

आता खरी गोष्ट. त्यासाठी तुम्हाला जरा आमच्या लॉजपर्यंत यावं लागेल.

आमच्या लॉजचंही तोंड रस्त्याकडे आणि पाठ गंगेकडे आहे. (नाशिकबाहेरच्या वाचकांसाठी: आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो.) १९७४ साली मी लग्न होऊन आले, तेव्हा मलाही वाटलं होतं, की इतकी चांगली नदी दाराशी असून यांनी दार मागच्या बोळात का काढलं? एक दिवस मामंजींना, म्हणजे सासऱ्यांना, विचारलं. ते म्हणाले, "उतारू नदीतून येतो का?" उतारू यायचे नाशिकरोड स्टेशनहून टांग्याने, वळकट्या आणि ट्रंका घेऊन. टांगा जिथे थांबतो तिथे दार हवं, तिथेच हमाल हवा, तिथेच वही घेऊन बसलेला माणूस हवा. आणि पुढे ते जे म्हणाले ते मी कधी विसरले नाही: "पाण्याकडची बाजू दारात वाया घालवायची नसते. त्या बाजूला खोल्या काढायच्या." आजही गंगेकडच्या पाच खोल्यांना आम्ही जास्त भाडं लावतो आणि त्याच आधी भरतात.

त्यात १९६९चा महापूर होऊन गेलेला. घाटावरचा दुतोंड्या मारुती बुडाला, नारोशंकराच्या देवळाच्या घंटेपर्यंत पाणी चढलं, असं सासूबाई सांगायच्या. जिन्यात सातव्या पायरीवर त्यांनी तेलरंगाची रेघ ओढून ठेवली होती. दार नदीकडे असतं तर वही, पेटी, गाद्या, सगळं आधी गेलं असतं. समुद्राला असा पूर येत नाही, त्यामुळे हे कारण ताजला लागू नाही. पण मामंजींचं पहिलं कारण जसंच्या तसं लागू आहे.

१९०३ साली ताजचा पाहुणा बग्गीतून, व्हिक्टोरियातून यायचा, शहराकडून. म्हणून पोर्च शहराच्या अंगाला, पश्चिमेकडे. त्या बाजूला इमारतीच्या दोन भुजा पुढे आलेल्या आणि मध्ये बाग, इंग्रजी यू अक्षरासारखी. मुंबईत संध्याकाळचा वारा पश्चिमेकडून येतो. तो त्या भुजांमध्ये अडकून आत खेळावा हा हेतू. आणि पूर्वेची, पाण्याकडची लांबलचक बाजू सगळी खोल्यांना दिली. बागेच्या जागी आता पोहण्याचा तलाव आहे आणि येण्याजाण्याचं दार बदललं आहे. म्हणून गेटवेवर उभं राहिलेल्याला पुढचं-मागचं उमजत नाही आणि बोटीतल्या माणसाचा धंदा चालतो.

एक गंमत सांगते. ताजपुढे सूर्य मावळत नाही, उगवतो. पुष्कळ नाशिककरांची समजूत आहे, की ताजसमोर मोकळा अरबी समुद्र आहे. ते बंदराचं पाणी, पूर्वेचं. सूर्यास्ताचे फोटो काढायला तिथे जाऊन पाठीत ऊन घेतलेले माझे दोन भाचे आहेत.

प्रश्न : काकू, जमशेटजींना वॉटसन हॉटेलच्या दारात 'हिंदी माणसाला प्रवेश नाही' म्हणून अडवलं आणि त्या अपमानातून ताज उभं राहिलं, हे आम्ही भाषणांतून ऐकत आलो आहोत. माझ्या मुलीने शाळेत यावर भाषण केलं, पहिला नंबर आला. आता तिचे सर म्हणतात, याला पुरावा नाही. नंबर परत करायचा का?
– एक पालक, नाशिकरोड

नंबर ठेवा. पण सरांचं बरोबर आहे. या गोष्टीला त्या काळच्या कागदपत्रांत भक्कम आधार इतिहासकारांना मिळालेला नाही. सांगणारेही एकमत नसतात. कुणी वॉटसनचं नाव घेतं, कुणी दुसऱ्याच हॉटेलचं.

वॉटसन मात्र खरं. काळा घोड्यापाशी ती इमारत अजून आहे, एस्प्लनेड मॅन्शन नावाने, फार वाईट अवस्थेत. तिचा बिडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये ओतून बोटीने आणला आणि इथे जोडला. ७ जुलै १८९६ रोजी तिथेच ल्युमिए बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली, हिंदुस्थानातला पहिला खेळ. पुढे ज्या माणसाने हे वेड इथल्या मातीत रुजवलं ते दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे आणि १९१३मध्ये त्यांनी आपलं बिऱ्हाड नि कारखाना नाशिकला आणला. भाषणात टाळ्या हव्या असतील तर मुलीला ही वाट दाखवा, ही पक्की आहे.

मग ताज का बांधलं? १८९६ आठवा. त्याच वर्षी मुंबईत प्लेग आला. माणसं शहर सोडून पळाली, व्यापार बसला, मुंबईचं नाव घेतलं की परदेशी जहाजवाले नाक मुरडायला लागले. आणि उतरायला हॉटेलं म्हणाल तर कोंदट, ढेकणांची. जमशेटजींचं या शहरावर प्रेम होतं आणि पैसाही याच शहरात होता. आपलं गाव बदनाम झालेलं असताना पाहुण्यांसाठी पहिल्या प्रतीची जागा बांधणं हे मला रागापेक्षा मोठं कारण वाटतं. सिंहस्थ आला की आम्हीही आधी भिंतींना रंग काढतो. कुणाचा सूड उगवायचा म्हणून नाही.

पण ती दाराची गोष्ट लोकांना खरी का वाटते हे मला ठाऊक आहे. सत्तरच्या दशकात मामंजी एका कामासाठी मुंबईला गेले होते. धोतर, कोट, टोपी, पायात वहाणा. एका मोठ्या ठिकाणी, नाव सांगत नाही, त्यांना भेटायला बोलावलेला माणूस आत बसलेला आणि दरवानाने यांना वहाणांमुळे बाहेर उभं केलं. साहेब नव्हता तो, आपल्यासारखाच. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं उलटून गेली होती. मामंजी पंचवटी एक्स्प्रेसही नव्हती तेव्हाच्या रात्रीच्या गाडीने परत आले आणि आमच्या दारात 'पादत्राणे बाहेर काढावीत' अशी पाटी होती ती त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच्या हाताने काढली. फरशी दिवसातून तिनदा पुसायला लागली तरी चालेल, म्हणाले.

म्हणून जमशेटजींची गोष्ट ऐकली की मी हसत नाही. फक्त इतिहास म्हणून सांगत नाही.

प्रश्न : वडिलांच्या ट्रंकेत त्यांचा मित्रांबरोबरचा गेटवेवरचा फोटो सापडला. मागे साल नाही. बाजूला शिवाजी महाराजांचा पुतळा दिसतो. ताज आहे, पण त्याच्याशेजारचा उंच टॉवर नाही. त्या जागी सज्जे-व्हरांडे असलेली एक बुटकी इमारत आहे. ती कुठली? आणि फोटो कधीचा असेल?
– एक वाचक, कॉलेज रोड

फोटोची प्रत पाठवलीत, फार आनंद झाला. वडिलांच्या पँटची मोहरी पाहून मी आधीच अंदाज केला होता, पण पुरावा त्याहून चांगला आहे.

ती बुटकी इमारत म्हणजे ग्रीन्स हॉटेल. ताजची शेजारीण. टाटांनी ते हॉटेल विकत घेतलं आणि कित्येक वर्षं चालवलं. पुढे ते पाडून तिथे टॉवर बांधला, तो १९७३मध्ये उघडला. महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचं अनावरण झालं २६ जानेवारी १९६१ रोजी. म्हणजे तुमचा फोटो १९६१च्या जानेवारीनंतरचा आणि ग्रीन्सवर घण पडण्याआधीचा. साठचं दशक धरा. वडील तेव्हा कुठे नोकरीला होते ते आईंना विचारलंत तर आणखी जवळ पोचाल.

जाता जाता: फोटोत ज्याच्या सावलीत मंडळी उभी आहेत तो गेटवे ताजपेक्षा धाकटा आहे, हे पुष्कळांना माहीत नसतं. पाचवे जॉर्ज आणि राणी मेरी १९११च्या डिसेंबरात बोटीतून उतरले तेव्हा दगडी कमान नव्हतीच, पुठ्ठ्याची होती म्हणतात. पायाचा दगड १९१३चा, उद्घाटन ४ डिसेंबर १९२४. ताज त्याआधी एकवीस वर्षं तिथे उभं होतं आणि बोटीवरून मुंबईची पहिली खूण म्हणून तेच दिसायचं. जागेचं नाव अपोलो बंदर. त्याचा ग्रीक देवाशी काही संबंध नाही, मूळ नाव देशी, पालव. मामंजी शेवटपर्यंत 'पालव्यावर गेलो होतो' असंच म्हणायचे.

प्रश्न : आजी, मी हॉटेल मॅनेजमेंटच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मला किचनमध्ये जायचंय, घरच्यांना फ्रंट ऑफिस हवंय. 'एवढं शिकून आचारी होणार का,' असं आमचे काका म्हणतात. ताजच्या इतिहासात किचनचं काही आहे का? असेल तर काकांना वाचून दाखवेन.
– एक विद्यार्थिनी, पाथर्डी फाटा

बाळ, हे पत्र मी दोनदा वाचलं.

काकांना आधी हे वाचून दाखव. जमशेटजींनी हॉटेल काढायचं ठरवलं तेव्हा त्यांच्या घरातूनच विरोध झाला. त्यांच्या बहिणीचं बोलणं सांगतात ते असं: बंगलोरला विज्ञानाची संस्था काढतोस, लोखंडाचा कारखाना काढतोस आणि आता म्हणे भटारखाना उघडणार! शब्द हाच, भटारखाना. तुझ्या काकांच्या आणि त्या बाईंच्या मध्ये सव्वाशे वर्षं गेली, शब्द तेवढा बदलला.

आपल्याकडे हे असंच होतं. तीर्थाच्या गावी पाहुणा उतरायचा तो आपल्या तीर्थोपाध्यायांच्या घरी. त्यांच्या वहीत त्याच्या सात पिढ्यांची नावं लिहिलेली असायची. पैसे मोजून परक्याच्या घरी जेवायचं आणि परक्याच्या गादीवर झोपायचं, हे हलकं समजत. लग्न ठरलं तेव्हा माझ्या आईलाही 'मुलगी खानावळवाल्यांकडे दिली' असं ऐकावं लागलं होतं. मराठीत आजही हॉटेल म्हणजे मिसळ खायची जागा आणि राहायचं ते लॉज. त्यात लॉज म्हटलं की लोक भुवया उंचावतात तो भाग वेगळा.

आता मजा बघ. जमशेटजींची चार मोठी स्वप्नं होती: पोलाद, विज्ञानसंस्था, पाण्यावरची वीज आणि हॉटेल. पोलादाचा कारखाना, बंगलोरची संस्था, खोपोलीची वीज, सगळं त्यांच्या मागे मुलांनी पुरं केलं. त्यांनी डोळ्यांनी पाहिलं ते एकच, भटारखाना. १६ डिसेंबर १९०३ रोजी तो उघडला, बांधकाम पुरतं आटोपलेलंही नव्हतं, आणि पहिल्या दिवशी पाहुणे होते सतरा. सतरा! आमच्याकडे आषाढातल्या मंगळवारी याहून जास्त असतात. पण त्या सतरा जणांच्या डोक्यावर विजेचे दिवे होते आणि मुंबईला वीज पुरवणारी कंपनी १९०५ साली निघाली. ताज आपली वीज आपण करत होतं. बर्फही घरचा, त्यासाठी यंत्र बसवलेलं. किचनवाल्या मुलीला बर्फाचं मोल मी सांगायला नको. पाच महिन्यांनी, १९ मे १९०४ला, जमशेटजी जर्मनीत वारले.

पहिल्या महायुद्धात तिथे सहाशे खाटांचं इस्पितळ झालं. तेव्हाही सहाशे तोंडांची पेज कुणीतरी शिजवलीच असणार. १९३३ साली हार्बर बार निघाला, मुंबईतला पहिला परवाना त्याचा. हे काकांना वाचून नाही दाखवलंस तरी चालेल.

आणि आता ते, ज्याच्यासाठी मी तुझं पत्र शेवटी ठेवलं.

२६ नोव्हेंबर २००८ तुला आठवणार नाही, तू फार लहान असशील. आम्ही इथे टीव्हीसमोर तीन दिवस बसून होतो. घुमटाशेजारून धूर निघत होता आणि लॉजमध्ये उतरलेले यात्रेकरूही खोल्या सोडून ऑफिसातल्या टीव्हीपाशी उभे होते. कुणी कुणाला चहा विचारत नव्हतं. त्या हॉटेलात एकतीस माणसं गेली. रेस्टॉरंटांत अडकलेल्या पाहुण्यांना नोकरवर्गाने कुठून काढलं ठाऊक आहे? पुढच्या दारातून नाही, त्या जिन्यावरूनही नाही. मागून. किचनमधून, नोकरांच्या बोळांतून, जिथे पाहुण्यांनी कधी पाऊल ठेवलेलं नसतं. ते बोळ कुठे वळतात, कुठलं दार कुठे उघडतं हे फक्त भटारखान्यातल्या माणसांना माहीत होतं. ती पाहुण्यांच्या आणि गोळ्यांच्या मध्ये उभी राहिली. त्यांतले कित्येक परत घरी गेले नाहीत. आचारी होते ते. एवढं शिकलेले.

टॉवर त्याच डिसेंबरात पुन्हा सुरू झाला. जुनी इमारत उघडायला १५ ऑगस्ट २०१० उजाडला.

मी बहिणीबरोबर गेले ती त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. दारात तपासणी झाली, पिशवी यंत्रातून गेली. मी चपलाच घालून गेले होते, मुद्दाम. कुणी काही म्हणालं नाही. पहिल्या मजल्यावर सी लाउंजमध्ये खिडकीशी बसलो. समोर गेटवे, बोटी, कबुतरं. बहीण पाणी बघत होती. मी बघत होते की चहा घेऊन येणारा मुलगा कुठल्या दारातून येतो. दार ढकलताना खांद्याने ढकलायचा, हात भरलेले म्हणून. आमचा पोऱ्याही तसंच ढकलतो. चहाचं बिल किती झालं ते बहिणीने मला अजून सांगितलेलं नाही.

काकांना हे सगळं वाचून दाखव आणि मग त्यांना घेऊन इकडे ये. पंचवटी कारंज्यावरून खाली उतरलीस की कुणालाही विचार. दुपारी तीननंतर या, तेव्हा ओटा रिकामा असतो. एका वेळी चाळीस पानांचा वरणभात कसा लावतात ते दाखवते, आणि काकांना कांदे चिरायला बसवू.